माझ्या नावावरची बोट

आमच्या घरात माझ्या नावावर पहिल्यांदा जी वस्तू झाली ती बोट. घर ह्यांच्या नावावर. शेत सासऱ्यांच्या नावावरून अजून खाली उतरलेलं नाही. गॅसचं पुस्तक ह्यांच्या नावावर आणि गॅसपुढे उभी मी. शाळेत भूगोल शिकवता शिकवता जगातले सगळे समुद्र मी फळ्यावर काढले, पण त्यातल्या एखाद्यावर तरंगायची सोय आपल्या नवऱ्याकडून होईल, असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं. स्वप्नात मला घरघंटी यायची. दळण घरी काढायची. चार वर्षं मी ती मागत होते.

गणपती उठले आणि हे दोन दिवसांसाठी कोकणात एका जुन्या मित्राकडे गेले. परत आले ते तोंडभर हसत. म्हणाले, "तुझ्या नावावर एक वस्तू घेतलीय. मागनं टेम्पोत येतेय."

"एवढी मोठी गिरणी?" मी विचारलं.

टेम्पो दारात लागला तेव्हा शेजारपाजारची सगळी माणसं बाहेर आली. भवानीनगरात उसाची ट्रॉली दारात लागली तर कुणी मान वळवत नाही, पण बोट दारात लागण्याचा प्रकार तोवर झाला नव्हता. फायबरची, एके काळी पांढरी असावी अशी बोट. पोटाला हातभर चीर. मागच्या बाजूला एक इंजिन, ज्याच्या आत खारं पाणी गेलेलं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेबांचं सगळं बरं आहे ना?"

साहेबांचं बरं नव्हतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. साखर कारखान्यात ह्यांनी उभा जन्म मशिनरीच्या आवाजात काढला. कानाशी ओरडून बोलायची सवय, हाताला कायम ग्रीसचा वास. निवृत्त झाले आणि पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघराची फेररचना केली. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मोहरीच्या डब्यावर 'मोहरी', म्हणजे चुकून मी मोहरीला जिरं समजायला नको. मग घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल झालं. मग मिक्सर खोलला गेला, आणि जोडल्यावर दोन स्क्रू उरले. ते एका डबीत घालून त्यावर 'मिक्सर, शिल्लक' असं लिहिण्यात आलं. मी रोज सकाळी केर काढताना म्हणायची, "जरा बाजूला व्हा हो, शाळेला उशीर होतोय." ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे. मग दुसऱ्या खोलीचा केर.

बोट घेण्यामागचा विचार ह्यांनी मला नीट समजावून सांगितला. उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते बघायला पुण्यामुंबईची माणसं येतात, मग हाकेच्या अंतरावर राहून आपणच का बघू नयेत? रविवारी आपण दोघांनी फिरायचं. बेत उत्तम होता. त्यात एकच अडचण होती, की आमच्या ह्यांना पोहता येत नव्हतं. नदीवर गेलो तरी हे घोट्याएवढ्या पाण्याच्या पलीकडे गेल्याचं मला आठवत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी बोट उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवर चढली आणि ट्रॅक्टरमागे डुलत डुलत पळसदेवकडे दुरुस्तीला निघाली. मी मोटरसायकलवर ह्यांच्या मागे बसून. वाटेत उसाला पाणी देणारी माणसं फावडं टेकवून बघत होती.

धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, वेड्या बाभळींमधून गेलं की एक पाटी दिसायची. 'मरीना अँड बोटयार्ड'. एका बाजूला नांगर, दुसऱ्या बाजूला नारळाचं झाड. शेतातला नांगर नव्हे, जहाजाचा. नारळ मात्र आसपास दहा कोसांत समुद्राशेजारी उभा राहिल्यासारखा वाकलेला एकही नव्हता. पाटीच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड. शेडसमोर निळ्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला धक्का, ज्यावर एका वेळी दोनच माणसांनी चालायचं अशी सूचना होती, आणि ती वाचायला तीन माणसं कायम त्यावर उभी असायची. शेडच्या एका कोपऱ्यात मांडवातल्या लाल खुर्च्या मांडून त्यावर 'कस्टमर लाउंज' असा फलक टांगलेला. लाउंजमध्ये आठ खुर्च्या, त्यांतल्या तिघींना चारही पाय होते.

मालकांना सगळे आबा म्हणत. साठीचे, काटकुळे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. आधी मासेमारीच्या होड्या दुरुस्त करायचे, मग पक्षी बघणारे वाढले तशा फायबरच्या बोटी घ्यायला लागले. त्यांनी आमच्या बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पोटाच्या चिरेत हात घातला आणि वैद्यासारखा चेहरा केला.

"बोट कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या," मी म्हणाले.

"मंग बाई, कस्टमर तुमी. साहेब न्हाय. दिवाळीच्या आत बोट पाण्यात."

बाई म्हणाले म्हणजे मी शिक्षिका असल्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लगेच एक जाड वही माझ्यापुढे धरली. ग्राहकांचे अभिप्राय. काम अजून सुरू व्हायचं होतं, पण अभिप्राय आधीच द्यायची तिथे पद्धत होती. बहुधा नंतर कुणी चांगला देत नसावं. मी वही चाळली. 'निर्सग सुंदर. चहा उत्तम. बोट मिळाली नाही.' असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, 'होडी दिली होती तशीच परत मिळाली, धन्यवाद.' मी पर्समधलं लाल पेन काढून आधी 'निसर्ग'वरचा रफार जागेवर आणला, आणि खाली लिहिलं, 'दिवाळीची वाट पाहत आहे.'

दिवाळी आली तशी गेली. मी दर रविवारी ह्यांच्याबरोबर यार्डात जायची. दर वेळी बोट शेडच्या आतल्या टोकाला, निळ्या ताडपत्रीखाली. दर वेळी आबांकडे नवीन कारण. कधी हवेत ओल आहे म्हणून फायबरचा लेप वाळेना. कधी लेप वाळला, पण घासायचा कागद संपला. कधी मिस्त्रीच्या मेव्हण्याचं लग्न. त्या मिस्त्रीला एवढे मेव्हणे होते, की त्याच्या सासूबद्दल मला आदर वाटू लागला.

"आबा, निदान ताडपत्री काढून दाखवा तरी," मी म्हणायची.

"धूळ बसंल, बाई. रंग कच्चा हाय."

लाउंजमध्ये माझ्यासारखेच आणखी एक कस्टमर बसलेले असायचे. बारामतीचे डॉक्टर. त्यांनी कप्तानाची टोपी घेतली होती, पांढरे बूट घेतले होते, गळ्यात दुर्बीण होती. फक्त बोटीचं इंजिन चालू होत नव्हतं. आम्ही शेजारी शेजारी बसून समोरच्या पाण्याकडे बघत असू. ते मला म्हणायचे, "मॅडम, आपण काठावरून जास्त चांगलं बघतो." मी हो म्हणायची. दुखणं एकच असलं की माणसं जवळ येतात, हे त्यांना दवाखान्यात शिकायला मिळालं असावं, मला तिथे मिळालं.

ह्यांचं मात्र वेगळंच चाललं होतं. मी शाळेत गेले की हे मोटरसायकल काढायचे. कामावर देखरेख ठेवायला हवी म्हणायचे. आधी आठवड्यातून दोनदा, मग रोज. संध्याकाळी परत यायचे ते कोपरापर्यंत काळे होऊन. मी म्हणायची, "एवढी देखरेख ठेवूनही बोट जागची हलत नाही?" त्यावर हे साबण शोधायला मोरीत जायचे. स्वयंपाकघरातल्या डब्यांना मात्र आता शांतता लाभली होती. एका डब्यावरची चिठ्ठी निघाली तरी नवी चिकटली नाही.

संक्रांत गेली. पाण्यावर रोहित आले. डॉक्टरांनी आणि मी ते काठावरून पाहिले, दुर्बीण आलटून पालटून. होळी झाली. ऊन चढलं, पाणी मागे सरकायला लागलं. धक्क्याची पिंपं चिखलात टेकली आणि पाण्यात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर डोकावू लागलं. आबांचं नवीन कारण असं, की इंजिनाचा एक पार्ट बारामतीत यायचाय. एक रविवार, दोन रविवार, तीन रविवार तो पार्ट बारामतीतच येत होता.

परीक्षा संपल्या, मला सुट्टी लागली. एका बुधवारी हे नेहमीप्रमाणे देखरेखीला गेले आणि मी एसटीने बारामती गाठली. आबांनी दुकानाचं नाव एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, ते मी लक्षात ठेवलं होतं. दुकान सापडलं. गल्ल्यावरच्या माणसाला मी बोटीच्या इंजिनाचा पार्ट आला का, असं विचारलं.

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "ताई, आमच्याकडं ठिबकचं सामान मिळतं. नळ्या, फिल्टर, असलं. बोट कुठनं आणू?"

"कुणी ऑर्डर दिली होती का?"

"बोटीची? बारामतीत?" त्याने आतल्या माणसाला हाक मारून माझा प्रश्न सांगितला, आणि ते दोघे फार सभ्यपणे हसले.

मी तशीच भिगवणची गाडी पकडली. तिथून दुसरी. सडकेवर उतरून बाभळींमधून भर दुपारी चालत यार्डात पोचले तेव्हा माझ्या डोक्यात एकूण एक वाक्य तयार होतं. डॉक्टर लाउंजमध्ये होते. दोनतीन मच्छीमार जाळी विणत बसले होते. आबा चहा गाळत होते. मी त्यांना बसूही दिलं नाही आणि स्वतःही बसले नाही.

"आबा, मी बारामतीहून येतेय. त्या दुकानात ठिबकच्या नळ्या मिळतात. माझी बोट ठिबकवर चालणार आहे का?"

आबांनी गाळणी उचलून हातात धरली.

"आठ महिने झाले. आठ! तुमच्या त्या मिस्त्रीची सगळी मेव्हणेमंडळी लग्न होऊन संसाराला लागली. पाटीवर मरीना लिहिता, भिंतीवर लाउंज लिहिता, त्यापेक्षा खरं बोलायला शिकला असता तर बरं झालं असतं. माणसं विश्वासाने वस्तू टाकून जातात तुमच्याकडे. वयाला शोभतं का हे?"

जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले. डॉक्टरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी वर्गात ज्या आवाजात बोलते त्या आवाजात बोलत होते, आणि समोर साठीचा माणूस हातात गाळणी धरून खाली मान घालून उभा होता. मला ते कबुलीसारखं वाटलं, म्हणून मी आणखी चार वाक्यं ऐकवली. ती इथे लिहीत नाही. बरी नव्हती.

"माझी बोट आत्ता दाखवा," शेवटी मी म्हणाले. "आहे तशी घेऊन जाणार."

आबांनी गाळणी खाली ठेवली. शेडच्या आतल्या टोकाला गेले, ताडपत्रीची दोरी सोडली आणि ती बाजूला ओढली.

बोट पांढरीशुभ्र होती. पोटाची चीर कुठे होती ते हात फिरवूनही कळलं नसतं. काठाला निळी पट्टी ओढलेली, आत दोन बाकांवर नव्या गाद्या. इंजिन चकचकीत. पुढच्या बाजूला निळ्या अक्षरांत माझं नाव. वळणदार, रफारासकट बिनचूक.

"बाई," आबा म्हणाले, "ही संक्रांतीच्या आधीच तयार हाय. साहेब म्हणले, इतक्यात सांगू नका. मला म्हणले, आबा, माझ्यासाठी एवढं करा."

तेवढ्यात माझं लक्ष पलीकडे गेलं. डॉक्टरांच्या बोटीखालून दोन पाय बाहेर आलेले होते. घरचीच पँट होती. पाय हलले, मग सगळं माणूस बाहेर आलं. हातात पाना, कपाळाला ग्रीस, आणि चेहऱ्यावर गृहपाठ न केलेल्या मुलाचा भाव. किती वेळ ते खाली पडून माझं भाषण ऐकत होते, कोण जाणे.

बोलण्याजोगं सगळं मी आबांना आधीच बोलून बसले होते. मी एवढंच म्हणाले, "बोट पाण्यात घाला."

"आत्ता?" हे म्हणाले.

"आबा दिवाळीच्या आत म्हणाले होते. अजून वेळ आहे, पण मला घाई आहे."

पाणी तोपर्यंत शेडपासून लांब गेलं होतं. मच्छीमारांनी ट्रॅक्टर आणला, बोट फळकुटावर चढवून चिखलातून ओढत नेली. माझी एक चप्पल त्या चिखलात गेली ती गेलीच. बोट तरंगली. आबांनी आम्हाला लाइफ जॅकेट घातली आणि स्वतः चढायला लागले, तर मी त्यांना थांबवलं. मला पोहता येतं. मामाच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकलेय. इंजिन कसं सुरू करायचं, दांडा कुठे वळवायचा, ते आबांनी दोनदा दाखवलं. दोरी ओढली, पहिल्या झटक्याला इंजिन धरलं. काम चोख होतं, हे त्या संतापातही मला कबूल करावं लागलं.

आम्ही निघालो. हे मधल्या बाकावर, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरून, नजर सरळ पायांशी. जरा आत गेल्यावर मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. लांब पाणथळीत चुकलेमाकले रोहित अजून उभे होते. ह्यांनी मान वर केली नाही.

"इकडे बघा की. ह्या पक्ष्यांसाठीच बोट घेतलीत ना?"

"बघतो. जरा थांब."

"पाण्याची एवढी भीती वाटते तर घेतली कशाला?"

ह्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. मग पायांशीच बघत म्हणाले, "तिथं कोकणात मोडकं इंजिन होतं. ते बघून बरं वाटलं." थोड्या वेळाने म्हणाले, "इथं आबा हाक मारतात. साहेब, हे बघा जरा. साहेब, हा आवाज कसला येतोय. मी जाऊन बघतो. कळतं मला ते. बोट झाली म्हटल्यावर परत घरी. घरी तू म्हणणार, जरा बाजूला व्हा."

मी काहीतरी तिखट बोलायला तोंड उघडलं. तिखट माझ्याकडे नेहमी तयार असतं. पण रोज सकाळी हातात केरसुणी घेऊन मी नेमकं तेच म्हणत होते, त्याच शब्दांत, आणि ह्यांनी त्याला एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. आठ महिने मी बोटीची चौकशी करत होते. माणसाची एकदाही केली नव्हती.

"मला सांगायचं होतंत तुम्ही," मी म्हणाले.

"काय सांगायचं? घरात करमत नाही म्हणून? हसली असतीस."

हसले असते. खरं होतं. मी दोरी ओढली. काठाकडे येताना ह्यांनी एक हात काठावरून काढला, जरा वेळ मांडीवर ठेवला आणि पुन्हा घट्ट धरला.

उतरल्यावर हे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर त्यांच्या बोटीपाशी आशेने उभे होते. मी अनवाणी एका पायाने आबांकडे गेले. चार माणसांत बोलले होते, म्हणून त्या चार माणसांतच माफी मागितली. म्हणाले, "आबा, चुकलं माझं. तुम्ही मला तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं."

"साहेबांना शब्द दिला व्हता."

"म्हणून एवढं ऐकून घेतलंत?"

"आमच्या पुतण्यानं तुमच्या वर्गात ह्याच्या दुप्पट ऐकलंय, बाई. त्यो जिता हाय अजून," आबा म्हणाले आणि जाळीवाले खो खो हसले. मग त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, चार पायांची, आणि गाळायचा राहिलेला चहा दिला. पाकासारखा गोड. आमच्या मुलखात तो तसाच मिळतो.

"साहेब पहिल्या दिशी आले," आबा आवाज खाली आणून म्हणाले, "तवा त्यांचे हात थरथरत व्हते. मला वाटलं आजारी हायत. म्हणून नुसता पाना दिला हातात. धरा म्हणलं. थरथर थांबली."

हात थरथरत होते, हे आमच्या घरात मला दिसलं नव्हतं.

पलीकडे डॉक्टरांच्या बोटीचं इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धडधडायला लागलं. डॉक्टरांनी टोपी हवेत फेकली, ती चिखलात पडली. हे इंजिनाला कान लावून, डोळे मिटून ऐकत होते. जाळीवाल्यांपैकी एकाने विचारलं, "काय म्हणतंय साहेब?" तेव्हा ह्यांनी हात वर करून त्याला गप्प बसायची खूण केली. अजून ऐकत होते.